बोहनीच्या वेळी घेतलेले टायर

दुकानदार जे काही बोलतो ते भावासाठीच बोलतो, हे मी ऐन पंचविशीत शिकले आणि पुढची वीस वर्षं त्या शिकवणीवर पोट भरलं. नांदेडात मोटारसायकलची सीट कव्हरं शिवायचं माझं दुकान आहे. सुरुवात एका जिन्याखाली, एका जुन्या मशिनीवर झाली. रेक्झिनचा पहिला गठ्ठा घेतला तेव्हा व्यापारी म्हणाला होता, "बेटी, माल अव्वल आहे, डोळे झाकून ने." मी खरंच डोळे झाकून नेला. घरी उलगडला तर आतलं निम्मं कापड भेगाळलेलं. परत घेऊन गेले तर म्हणाला, "इथंच उलगडून बघायचं होतं." त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून मी रडले आणि उठताना ठरवलं, आता कुणाच्या जबानीवर विश्वास ठेवायचा नाही. जिना सुटला, गाळा आला, दोन कारागीर आले, ते सगळं या तोंडाने मिळवलं. बाजारात मला तिखट म्हणतात. म्हणोत बापडे.

हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं याच शिकवणीतून झालं. माझ्या मैत्रिणीचा उजवा हात मनगटात मोडून कामातून गेला. ज्या टायरने गेला तो मी निवडला होता.

ती उमरीच्या सरकारी दवाखान्यात नर्स. मी तिला सिस्टर म्हणायचे, ती मला शेठाणी. ओळख दुकानातच झाली. स्कूटीचं कव्हर शिवून घ्यायला आली होती आणि मी जो भाव सांगितला त्यालाच "बरं" म्हणून मोकळी झाली. मला इतका राग आला की मीच तिला दटावलं, "अहो, काहीतरी कमी करा म्हणा की!" ती म्हणाली, "मला न्हाई जमत. तुम्हीच करून टाका." मी केलं. असं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

दवाखान्यात मात्र तिचा हात चालायचा. तापाने सुकलेल्या लेकराच्या हातावर शीर शोधायची असली की डॉक्टरही तिला हाक मारायचे. बोटाच्या टोकाने ती नुसती चाचपायची, डोळे दुसरीकडेच असायचे, आणि लेकराला कळायच्या आत सुई बसलेली असायची. आजूबाजूच्या गावांतली माणसं विचारून यायची, ती बाई आज ड्युटीवर आहे का.

सायकल आम्ही दोघींनी तब्येतीसाठी धरली. मशिनीवर वाकून माझी पाठ गेलेली, तिची साखर वाढलेली. सुरुवातीला शहरातल्या डॉक्टर-प्राध्यापकांच्या गटाबरोबर हायवेवर जायचो, पण ट्रकच्या वाऱ्याने जीव घाबरा व्हायचा. मग आम्ही डांबर सोडलं. कालव्याकडेच्या मुरमाच्या वाटा, पांदणी, तलावांचे बांध. रविवारी ती उमरीहून निघायची, मी नांदेडहून, मुदखेडजवळ भेटायचो, आणि तिने आणलेले धपाटे एखाद्या मोरीवर बसून खायचो. माझ्या आयुष्यात भाव न करता मिळालेली चीज म्हणजे ते रविवार.

अशा वाटांवरच्या शर्यतीही असतात. इंग्रजीत त्याला ग्रॅव्हल म्हणतात, आम्ही खडीची शर्यत म्हणायचो. लातूरजवळ दरवर्षी एक व्हायची, हरभरा निघाल्यावर. त्यात जोडीचा एक गट होता. नियम सोपा: दोघींनी मिळून शेवटची दोरी ओलांडायची, एकटी आली तर धरत नाहीत. सिस्टरने तो नियम वाचला आणि तिच्या डोक्यात तेच बसलं. ती म्हणाली, "शेठाणी, आयुष्यात मी कशात पहिली न्हाई आले. मला पहिलं यायचंबी न्हाई. एकदा फक्त ती दोरी ओलांडायची, तुझ्यासंगं."

पहिल्या वर्षी ती दोरी आम्हाला दिसलीसुद्धा नाही. पांदणीतल्या सराट्यांनी ट्यूबची चाळण केली. ठिगळं संपली, उन्हात सायकली ढकलत आलो तेव्हा मांडव सोडून माणसं निघूनही गेली होती. सिस्टर हसली, पण मोरीवर बसली तशी उठेना. तेव्हाच मी म्हणाले, "पुढच्या वर्षी टायर मी बघते."

"तूच बघ बाई," ती म्हणाली. "मला तर कुणीबी टोपी घालतंय."

वर्षभर मी टायरचाच अभ्यास केला. ट्यूब नसलेले पाहिजेत हे नक्की होतं. आत पांढरं औषध घालायचं, काटा घुसला की तेच भोक बुजवतं. रुंदी चाळीस मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे हवा कमी ठेवता येते आणि चाक रुतत नाही. मधून गुळगुळीत, कडेला गाठी, म्हणजे सरळ वाटेवर पळतो आणि वळणावर धरतो. एवढं मला कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त कळत होतं. असले टायर नांदेडात मिळेनात. लातूरच्या एका दुकानदाराने आणायला सुरुवात केली असं कळलं.

मी पहाटेची एसटी धरली ती बोहनी गाठायला. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत गेलं तर दिवस खराब जातो, असं मानणारे दुकानदार आमच्याकडे अजून आहेत. पन्नाशीपुढचा, उदबत्ती लावणारा दुकानदार असला की तो मानतोच. शटर वर जाताना जो दारात उभा असतो त्याच्या हातात अर्धा भाव असतो. मी स्वतः दुकानदार आहे, मला माहीत आहे.

तो उदबत्तीच लावत होता.

"या ताई, एवढ्या सकाळी?"

"तुमची बोहनी करायला आले, भाऊ. नांदेडहून."

त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला. कसलं गिऱ्हाईक आलंय ते त्याला कळलं होतं.

मी कुठली शर्यत, कुठल्या वाटा ते सांगितलं. त्याने दोन प्रकारचे टायर पुढे ठेवले. एक जाड, बाजूनेही दुहेरी कापडाचा, हातात घेतला तर जड. दुसरा हलका, घडी करून डब्यात बसवलेला.

"हा जाड घ्या," तो म्हणाला. भाव सांगितला.

मी टायर त्याच्याकडे परत सरकवला. "भाऊ, मी सायकलचा मागितला. तुम्ही ट्रॅक्टरचा काढला."

"त्या वाटेला ट्रॅक्टरच पाहिजे ताई."

मी दुसरा उलगडला. अंगठा आणि बोटात त्याची बाजू धरून दुमडली, नखाने ओढून बघितली, डोळ्याजवळ नेऊन वीण बघितली. रेक्झिनमध्ये असं आहे की हलक्या प्रतीचा माल जाड असतो, ताठ असतो. मागे भरताड गोणपाट लावून त्याला वजन आणतात. खरा माल पातळ, बारीक विणीचा, कापडासारखा दुमडतो. वीस वर्षं माझ्या अंगठ्याला हेच कळत आलं आहे. तो टायर दुमडला आणि अंगठ्याने सांगितलं, माल हा आहे. दुकानदार हा राखून ठेवतो आणि जाडजूड गळ्यात मारतो. शिवाय तो हलका होता, आणि चढावर सिस्टरचा दम जायचा.

"हा कितीला?"

"तो नको ताई."

"का? डॉक्टर लोकांसाठी ठेवलाय?"

"तसं न्हाई. शर्यतीचाच आहे, पण तिकडच्या, फॉरेनच्या. तिकडची खडी नदीची असते, गोल. आपल्याकडं क्रशरची खडी, काळा दगड, कोयत्यासारखी धार. तळ टिकेल, बाजू चिरंल."

"मग ठेवलाय कशाला दुकानात?"

"डांबरावर आन् साध्या मुरमावर लई भारी चालतो."

ही असली उत्तरं मी रोज देते. गिऱ्हाईकाने स्वस्त कव्हरावर हात ठेवला की मी म्हणते, "ते उन्हात टिकणार नाही." कधी खरं असतं, कधी नसतं. मी माझा भाव सांगितला. तो नाही म्हणाला. मी उठले, पायरीपर्यंत गेले, परत आले. आवाज चढवला. एका मालाला नावं ठेवून दुसरा खपवायची ही कुठली रीत, असं बोलले. त्याची उदबत्ती अर्धी जळली. मग तो जे म्हणाला ते मला अजून त्याच्या आवाजात ऐकू येतं.

"ताई, रिकाम्या हातानं जा. मला बोहनी नको. पण हे नेऊ नका."

बोहनीचं गिऱ्हाईक आपणहून परत पाठवणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. आज वाटतं, तिथेच मला कळायला हवं होतं. उदबत्ती लावणारा माणूस बोहनी सोडायला तयार होतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पण मला उलटंच वाटलं. वाटलं, ही याची सगळ्यात मोठी चाल, म्हणजे आता हा मोडणार. मी आणखी जोर लावला. आणि तो मोडला. दोन जोड्या, माझ्या भावाने, वर औषधाच्या बाटल्या. त्याने पिशवी भरून माझ्यापुढे सरकवली. मला जिंकल्यासारखं वाटलं.

एसटीत बसले तोवर सिस्टरचा फोन.

"मिळाले का?"

"चारही. त्याच्या घशातून ओढून काढलेत."

"काय म्हणला तो? चालतील ना खडीवर?"

मी म्हणाले, "दुकानदार आहे तो. म्हणायचं ते म्हणतो."

ती हसली. "तू हाय म्हणून बरं हाय, शेठाणी."

शर्यतीच्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत मी खुशीत होते. सराट्यांची पांदण आली. काटे घुसले, पांढरं औषध फसफसून बाहेर आलं आणि भोकं बुजली. सिस्टर चालत्या सायकलवरून ओरडली, "थांबलं! आपोआप थांबलं की गं!" ती माझ्या पुढे होती. चढावरसुद्धा पुढे होती. हलक्या टायरचा गुण, असं मी मनात म्हणाले.

तलावाचा बांध उतरताना रस्त्याच्या कामाची खडी पसरलेली होती. नुकतीच टाकलेली, वरून रोलर फिरला नव्हता. मी मागून ओरडले, "हळू!" तेवढ्यात तो आवाज आला. रेक्झिन चिरतानाचा आवाज मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते. लांब, कोरडा. त्यात चूक होणं शक्य नव्हतं. तिच्या पुढच्या टायरची बाजू बोटभर उघडली, चाक तिरपं झालं, आणि ती उजव्या हातावर पडली.

मी पोचले तेव्हा ती खडीत बसून डाव्या हाताने उजवं मनगट तोलून धरत होती. रडत नव्हती. दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली, "दोन्ही हाडं गेली. फळी बघ कुठं भेटती का." मग मी फळी शोधायला वळले तशी म्हणाली, "दोरी किती लांब हाय अजून?" मी सांगितलं, तीन-चार किलोमीटर. ती म्हणाली, "तू एकटी गेली तर धरत न्हाईत ना?"

"नाही."

"मग ऱ्हाऊ दे."

माझे दोन्ही टायर शाबूत होते. तीच खडी, तोच माल, एकाच दुकानातला. अजून शाबूत आहेत.

हातात स्टीलची पट्टी टाकली, स्क्रू टाकले. हाड जुळलं, पण बोटांच्या टोकांचं कळणं परत आलं नाही. सहा महिन्यांनी ती ड्युटीवर गेली. पहिल्याच आठवड्यात एका लेकराला तीनदा टोचूनही शीर सापडली नाही. चौथ्यांदा तिने सुई स्वतःच खाली ठेवली. आता ती गोळ्या वाटायच्या खिडकीत बसते. मला म्हणाली, "सुई कुठं टेकली तेच कळत न्हाई गं. हातात मोजा घालून चाचपल्यासारखं."

त्या वर्षात मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी लातूरच्या दुकानदाराला शिव्या दिल्या. सायकलवाल्यांच्या गटात, दुकानात आलेल्या गिऱ्हाईकांत, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बायकांना मी सांगत सुटले की त्याने मला फसवून खराब माल गळ्यात मारला. सांगता सांगता माझाच त्यावर विश्वास बसला. राग माझ्याकडे कायम तयार असतो, त्याला फक्त वाट करून द्यावी लागते. आणि सिस्टर, जिने जन्मात कुणाशी भांडण केलं नव्हतं, तीही माझ्या बाजूने बोलायला लागली. "आमच्या शेठाणीला कुणी फसवत न्हाई, पर त्या लातूरवाल्यानं फसवलं." तिच्या हाताकडे बघून लोक लगेच मानायचे. गटातल्या लोकांनी त्याच्याकडून माल घेणं बंद केलं.

शेवटी मी चिरलेला टायर पिशवीत घालून लातूरला गेले. भांडायलाच गेले. मी त्याच्या काउंटरवर तो टायर आपटला आणि मनात वर्षभर घोळवलेलं सगळं बोलले. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. त्याने टायरची चिरलेली बाजू उघडून बघितली, परत मिटवली.

"बाईंचा हात आता कसा आहे?"

मी सांगितलं.

त्याने टायर हळूच बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी काय म्हणालो होतो, तेवढं तुम्हीच सांगा."

भाव करणाऱ्याला समोरच्याचा शब्दन्‌शब्द पाठ असतो. त्यावरच तर पुढची चाल रचायची असते. मी तोंड उघडलं आणि सगळं जसंच्या तसं बाहेर आलं. तिकडची खडी गोल. आपली कोयत्यासारखी. बाजू चिरंल. रिकाम्या हातानं जा. मला बोहनी नको.

तो "हाव" म्हणाला.

मी जाड टायरची जोडी मागितली. त्याने भाव सांगितला आणि सवयीने थांबला. मी पैसे काढले. तो घाबरला. "तब्येत बरी हाय ना ताई? थोडं कमी करतो की." मी म्हणाले, "नको."

तिथून मी थेट उमरी गाठली. सिस्टर घरी होती. डाव्या हाताने चहा गाळत होती, थोडा कपाबाहेर सांडत होता. पिशवी बघून तिचे डोळे चमकले. तिने टायर मांडीवर घेतला, डाव्या अंगठ्याने दाबला.

"बापरे, दगड हाय की! कितीला पाडलंस?"

"सांगितला त्या भावाने घेतला."

ती मोठ्याने हसली. "तू? खोटं बोलून राहिलीस." मग माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू हळूहळू गेलं. "काय झालंय?"

मी सांगितलं. त्याने हेच टायर आधी पुढे ठेवले होते. त्याने नको म्हणून सांगितलं होतं. बाजू चिरेल हेसुद्धा सांगितलं होतं. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी ते दाबलं.

ती टायरवरून हात फिरवत राहिली.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली.

"हाव."

"मी हेच विचारलं होतं तुला. चालतील का म्हणून."

"मला वाटलं तो भावासाठी बोलतोय."

"तुला वाटलं. मला सांगितलं असतंस तर मला काय वाटलं असतं, ते तरी कळलं असतं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडण मला येतं. "आन् वर्षभर मी त्या माणसाला शिव्या घालून राहिले. देवाशप्पथ, लोकांना हात दाखवून दाखवून."

मी म्हणाले, मी सगळ्यांना खरं सांगते. तिने मान हलवली, म्हणजे सांग असं असेल किंवा काही उपयोग नाही असं. टायर उचलून माझ्या पिशवीत परत घातले. एका हाताने ते नीट बसेनात. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. मला जमतंय." बराच वेळ लागला. मी बघत बसले.

"सायकल मी विकली," दाराशी आल्यावर ती म्हणाली. "कितीला विचारू नको." आधी हे ती हसून म्हणाली असती.

गटात मी खरं सांगितलं. काहींनी ऐकलं. बऱ्याच जणांना वाटलं की दुकानदाराने मला काहीतरी देऊन गप्प केलं असेल, आणि मी कशी आहे ते माहीत असल्यामुळे त्यांना तेच खरं वाटलं. उमरीला मी आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने चहा केला, बस किती वाजता आहे ते विचारलं. आता जात नाही. रविवारी दुकान उघडं ठेवते.

ती जोडी दुकानात खिळ्याला टांगली आहे. माझ्या चाकांना चालेल, पण बसवली नाही. परवा एक मास्तर सीट कव्हर टाकायला आले होते, देगलूरकडचे. वर बघून म्हणाले, "टायर कसे दिले, ताई?"

"विकायचे नाहीत."

ते हसले. "टांगलेत आन् विकायचे न्हाईत? बोला तर. आम्हीबी चालवतो खडीवर."

"खरंच नाही विकायचे, सर."

"असं म्हणलं की भाव वाढतो. जुने गिऱ्हाईक आहोत आम्ही बाजारातले." त्यांनी एक आकडा सांगितला. मी मान हलवली. त्यांनी दुसरा सांगितला.

"सर, तुम्ही कितीही म्हणा. ते एका बाईंचे आहेत."

"येतील का त्या घ्यायला?"

मी मान खाली घालून मशिनीत दोरा ओवायला घेतला. मास्तरांना वाटलं, मी आता मोडायला आले. त्यांनी कोपऱ्यातलं स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर ऐसपैस बसले.